कॅंटोनीजमध्ये पहिला नंबर, दुसरा नंबर आणि जिंकलो-हरलो

तुम्ही विचारलंय की हाँगकाँगच्या शाळेत मुलांच्या स्पर्धा असतात तेव्हा पहिला, दुसरा, जिंकलो, हरलो हे कॅंटोनीजमध्ये कसं म्हणायचं. आधी एक सांगतो, कॅंटोनीज शिकवायच्या रोमन स्पेलिंगवर जाऊ नका, त्यात जी दिसला की तो आपला क आणि के दिसला की ख, म्हणून सरळ देवनागरीत लिहून घ्या, उच्चार बराच जवळ जातो.

विजेता कून-क्वन, उपविजेता आ-क्वन, तिसरा क्वै-क्वन. क्वन म्हणजे सैन्य. चौथ्यालाही नाव आहे, तीन-क्वन, आता यातलं तीन ऐकून आपला माणूस हमखास गोंधळणार. पण हे सगळं सर्टिफिकेटवरचं झालं, पोरं बोलताना लो तै-यत म्हणतात, म्हणजे पहिला नंबर काढला. आहे ते टायटल राखलं तर वै-मीन, जसं हाँगकाँगच्या चेउंग का-लाँगने टोकियो ऑलिम्पिकनंतर २०२४ ला पॅरिसमध्ये तलवारबाजीतल्या फॉइल प्रकाराचं गोल्ड परत मारलं.

जिंकणं म्हणजे येंग आणि हरणं श्यू, झालं असेल तर पुढे चो लावायचं, येंग-चो, श्यू-चो (हा च आपल्या चाकातला, चहातला नाही). सूरही बघा, येंग खाली उतरतो आणि श्यू वर सपाट राहतो. आता गंमत अशी की पुस्तकालाही श्यूच म्हणतात, अगदी त्याच सुरात, म्हणून माजाँगवर (सोंगट्यांचा तिकडचा खेळ) किंवा घोड्यांवर पैसे लावणाऱ्यांजवळ पुस्तक घेऊन बसलात तर ते वैतागतात. त्यांच्या पंचांगाचं नाव खरं तर थुंग-श्यू, पण वर्षभराच्या पुस्तकात हरणं कशाला हवं म्हणून लोकांनी त्याचं थुंग-सिंग करून टाकलं, सिंग म्हणजे विजय, आणि आज सगळे तेच म्हणतात. आपल्याकडे कुंकू वाढलं म्हणतात ना, तसलाच प्रकार.

रेसकोर्सचे शब्दही सगळीकडे चालतात. फेव्हरेट असेल तो ताइ-यीत, म्हणजे लय गरम, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेला जिंकला की पाउ-लांग, थंड फुटलं. फुटबॉललाही हेच.

मॅच बघताना उशिरा पोचलात तर शेजारच्याला विचारा, पीन-को येंग-चो, कोण जिंकलं? आणि शेवटून पहिला आलेल्याला पाउ-मेइ म्हणतात, पण ते दुसऱ्याच्या पोराबद्दल त्याच्या आईसमोर नका बोलू.