देवावर विसंबणे म्हणजे प्रयत्न सोडणे का?

तुमचा मुलगा इंदूरला भंवरकुआँच्या क्लासमध्ये राज्यसेवेची तयारी करतो आहे. एक नातेवाईक म्हणतात, मधल्या माणसाला पैसे दिले की काम होईल, आणि चर्चच्या मंडळीतले एक ज्येष्ठ सांगतात की क्लास काय, पैसे काय, सगळे मानवी उपाय सोडून देवावर विसंबा. कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारले आहे. मीही इंदूरचा आणि ख्रिस्ती आहे, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो. ज्येष्ठांचा हेतू चांगला असला, तरी क्लास आणि लाच त्यांनी एकाच पारड्यात घातली, हे मला पटत नाही.

यहूदाचा राजा आसा याची हकिकत बायबलमधल्या दुसरे इतिहास या पुस्तकाच्या 14 ते 16 या अध्यायांत आहे. कूश देशाचा जेरह सैन्य घेऊन चालून आला तेव्हा आसाजवळ 5,80,000 योद्धे होते. ते घरी न पाठवता त्याने रणांगणावर उभे केले आणि तिथेच परमेश्वराचा धावा केला. सैन्य बाळगल्याबद्दल त्याला कोणी दोष दिला नाही. पुढे कारकिर्दीच्या 36व्या वर्षी इस्राएलाचा राजा बाशा याने रामा नगराची तटबंदी सुरू केली, तेव्हा मात्र आसाने मंदिराच्या भांडारातले सोनेरुपे काढून अरामाचा राजा बेन-हदाद याला पाठवले, ते त्याने बाशाशी केलेला करार मोडावा म्हणून. लक्षात घ्या, हा डाव यशस्वी झाला. बाशा काम टाकून निघून गेला, आणि नेमक्या त्याच वेळी हनानी द्रष्टा, म्हणजे देवाचा संदेष्टा, परमेश्वराऐवजी अरामाच्या राजावर विसंबल्याबद्दल आसाची कानउघाडणी करायला आला. (आसाने त्याला तुरुंगात टाकले, खरे बोलणाऱ्याचे असेच होते.) काम झाले म्हणजे देवाची संमती होती, असे या प्रसंगानंतर तरी म्हणता येत नाही.

39व्या वर्षी आसाचे पाय दुखू लागले, आणि तो वैद्यांकडे गेला पण परमेश्वराकडे वळला नाही, असे शास्त्र सांगते. औषधालाच विरोध असता, तर यहूदाचा पुढचा एक राजा हिज्कीया याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला खुद्द यशया संदेष्ट्याने सांगितले नसते. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावला अन्नपाण्यासाठी प्रार्थना केली, आणि विहिरीही खोदून घेतल्या.

क्लासची फी भरताना तुम्ही डोळे मिटून देवाचा आशीर्वाद मागू शकता, मधल्या माणसाच्या हाती पाकीट देताना तसे मागता येणार नाही. शिवाय 2013 साली व्यापमं प्रकरण, म्हणजे मध्य प्रदेशातल्या प्रवेश आणि भरती परीक्षांमधला घोटाळा, याच शहरात उघडकीस आले होते, हेही नातेवाइकांना आठवण करून द्या. मुलाला पद मिळेलच, असे आश्वासन मात्र मी देत नाही. तसे शास्त्रातही कुठे लिहिलेले नाही. पहिला हप्ता आधीच दिला असेल, तर तो परत मिळण्याची वाट न पाहता व्यवहार आजच थांबवा आणि मुलाला सगळे सांगा, कारण परीक्षेला त्यालाच बसायचे आहे.