पवनचक्क्या आमच्या डोंगरावर, मग हायड्रोजन कुठे?

प्रश्न : आम्ही पाटण तालुक्यातले. पठारावर पवनचक्क्या फिरताना लहानपणापासून बघतोय. आता जिकडे तिकडे ग्रीन हायड्रोजनचं ऐकतो, मग इथेच प्लांट टाकून एसट्या, ट्रॅक्टर त्याच्यावर का नाही चालवत? पोरांना कामही मिळेल. — एक वाचक, पाटण

उत्तर : दादा, आधी गिऱ्हाईक बघा, मग पवनचक्की. ग्रीन हायड्रोजन म्हणजे वाऱ्याच्या नाहीतर उन्हाच्या विजेने पाणी फोडून काढलेला गॅस. तो 1 किलो करायला साधारण 55 युनिट वीज जाते, 5 रुपये युनिट धरलं तरी नुसत्या विजेचेच 275 रुपये झाले, आणि तो गॅस फ्युएल सेलमध्ये घालून परत वीज केली की हातात येतात जेमतेम 16-17 युनिट. तीच 55 युनिटं सरळ बॅटरीत भरली तर चाळीसच्या वर परत मिळतात. म्हणजे ट्रॅक्टरचा विषय इथेच मिटला, एसटीचाही जवळपास मिटलाच म्हणा.

शिवाय आपल्याकडचा वारा पावसाळ्यातला. जून ते सप्टेंबर पाती गरागरा फिरतात, पुढे थंडावतात, मग एवढं महागडं इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाणी फोडायचं यंत्र, बाकीचे महिने काय नुसतं पुसून ठेवायचं? सोबत सोलर लागणारच.

खरं गिऱ्हाईक खताच्या कारखान्यात आणि रिफायनरीत आहे. अलिबागजवळ थळला आरसीएफ ही सरकारी खत कंपनी खतासाठी अमोनिया करते, त्याला लागणारा हायड्रोजन आज नैसर्गिक वायूतून येतो, आणि अशा 1 किलोमागे 9-10 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. (गंमत म्हणजे युरिया करायला तोच कार्बन डायऑक्साइड लागतो, त्यामुळे हायड्रोजन पूर्ण ग्रीन केला तर तो दुसरीकडून आणावा लागेल, हे कोणी बोलत नाही.) पण पाटणहून थळला गॅस न्यायचा म्हणजे ट्रेलरभर जाडजूड नळकांडी आणि आत जेमतेम काहीशे किलो हायड्रोजन, बाकी सगळं लोखंडच वाहायचं. त्यापेक्षा वीज तारेतून न्या आणि गॅस तिथेच करा. राज्याच्या जुलै 2023 च्या ग्रीन हायड्रोजन धोरणात, 8,562 कोटींच्या, वीज वाहून नेण्याच्या शुल्कात सवलत ठेवलीय ती उगाच नाही.

मग गावाला काय? स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये ईडे म्हणून एक छोटं बेट आहे. तिथे वारा भरपूर पण वीज बाहेर न्यायला केबल अपुरी, पवनचक्की मध्येच थांबवावी लागायची, म्हणून त्या विजेवर हायड्रोजन करून ट्रेलर फेरीबोटीत चढवून कर्कवॉल बंदरात न्यायचे आणि धक्क्याला लागलेल्या बोटींना त्यातून वीज द्यायचे. प्रयोगच होता, पण मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच, ती 900 किलोवॅटची पवनचक्की गावकऱ्यांच्या मालकीची होती. आपल्याकडे पठार आपलं आणि चक्की कंपनीची.

तेव्हा उद्या कोणी प्लांटचा कागद घेऊन आलाच तर ग्रामसभेत आधी विचारा, माल कोण घेणार आणि पाणी कुठलं. किलोला 9 लिटर तर हिशेबानेच लागतं, प्रत्यक्षात त्याहून जास्त, आणि मे महिन्यात वरच्या वाड्यांना टँकर येतात की नाही ते तुम्हाला माहितीच आहे.