बाळाची लांबलेली कावीळ आणि इलास्टोग्राफी

प्रश्न : माझ्या नातवाला आज 40 दिवस झाले, तरी तिसऱ्या दिवशी दिसलेली कावीळ उतरलेली नाही. बाळ दूध नीट पिते, वजनही वाढते आहे, म्हणून आम्ही त्याला रोज सकाळी गॅलरीत कोवळ्या उन्हात घेऊन बसत होतो. आता डॉक्टरांनी सोनोग्राफीबरोबर यकृताची इलास्टोग्राफी सांगितली आहे. एवढ्याशा जिवाला त्रास तर होणार नाही ना, आणि त्यातून नेमके काय कळेल?
– एक आजी, नौपाडा, ठाणे

उत्तर : आजी, त्रास होणार नाही. ही सोनोग्राफीच आहे. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. यंत्र यकृतात ध्वनिलहरींचा हलका धक्का देते आणि त्याने उठलेले सूक्ष्म तरंग किती वेगाने पसरतात ते मोजते. यकृत जितके कडक, तितका वेग जास्त. बाळ रडले की आकडे बदलतात, म्हणून पुन्हापुन्हा मोजून मधला आकडा धरतात. पित्ताशय नीट दिसावे यासाठी आधी काही तास बाळाला उपाशी ठेवायला सांगतात. तेव्हा सुनेला सोबत न्या, म्हणजे तपासणी संपताच पाजता येईल.

मात्र तो आकडा यकृत किती कडक झाले एवढेच सांगतो, का झाले ते सांगत नाही. यकृतातले पित्त आतड्यात नेणारी पित्तनलिका बंद असल्यास पित्त तुंबून यकृत कडक होते, पण यकृताच्या इतर आजारांतही ते होऊ शकते, आणि आजार सुरुवातीचा असेल तर आकडा फारसा वाढलेलाही नसतो. म्हणून आकडा चांगला आला तरी निर्धास्त होऊ नये.

माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट तुमच्या घरातच आहे : लंगोट. तो खिडकीशी, उजेडात पाहा. शी खडूसारखी पांढुरकी असेल किंवा लघवीचा पिवळा डाग पडत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कावीळ 2 आठवड्यांपुढे टिकली की रक्तात एकूण बिलिरुबिनबरोबर (कावीळ आणणारे पिवळे द्रव्य) डायरेक्ट बिलिरुबिनही, म्हणजे त्यातला यकृताने पित्तात सोडण्यासाठी तयार केलेला भागही, तपासावे लागते. ते वाढलेले असेल तर कोवळ्या उन्हाचा काही उपयोग नाही. वजन वाढते आहे यावरही विसंबू नका, कारण पित्तनलिका बंद असलेली बाळे सुरुवातीला चांगली बाळसेदार दिसतात.

नलिका बंद असल्याचे शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांत रंगद्रव्य सोडून पक्के करतात आणि जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांच्या नावाची, आतडे थेट यकृताला जोडण्याची शस्त्रक्रिया करतात. ती साधारण 60 दिवसांच्या आत झाल्यास पित्त वाहू लागण्याची शक्यता अधिक असते. तुमच्या हाती 20 दिवस आहेत. इलास्टोग्राफीची तारीख लांबची मिळाली असेल, तर तिच्यासाठी न थांबता डायरेक्ट बिलिरुबिन आजच करून घ्या आणि अहवाल घेऊन लहान मुलांच्या यकृततज्ज्ञांना भेटा.