अँटन डी बारी यांनी असे काय केले की त्यांना वनस्पती रोगशास्त्राचे जनक म्हणतात?

तुम्ही विचारले आहे की अँटन डी बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव पदवीच्या पुस्तकात ‘वनस्पती रोगशास्त्राचे जनक’ एवढ्या एका ओळीत येऊन संपते. मग त्यांचे आयुष्य आणि काम नेमके काय होते? मी बरीच वर्षे कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवला आहे. माझ्या मते त्यांचे मोठेपण एका सवयीत आहे. एखादी बुरशी दिसली की बीजाणूपासून (बुरशी ज्यातून नव्याने उगवते त्या सूक्ष्म कणापासून) पुन्हा बीजाणूपर्यंत तिचे सगळे आयुष्य डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते तिच्याविषयी काही ठामपणे लिहीत नसत. त्यांचे जवळपास सगळे महत्त्वाचे शोध या सवयीतून निघाले आहेत.

त्यांचा जन्म २६ जानेवारी १८३१ रोजी फ्रँकफुर्ट येथे झाला. वडील डॉक्टर होते आणि मुलानेही वैद्यकच शिकावे ही घरची अपेक्षा होती. त्याप्रमाणे हायडेलबर्ग, मारबुर्ग आणि बर्लिन येथे शिकून त्यांनी १८५३ साली वैद्यकाची पदवी घेतली, पण प्रबंधाचा विषय वनस्पतींमधील लैंगिक प्रजनन हा होता आणि त्याच वर्षी काणी व तांबेरा या रोगांच्या बुरशींवर त्यांचे पुस्तकही निघाले. बावीस वर्षांच्या डॉक्टरचे मन कुठे रमले होते, हे त्यावरून कळते. फ्रँकफुर्टला काही काळ दवाखाना चालवून त्यांनी तो सोडला आणि ट्युबिंगेन विद्यापीठात ह्यूगो फॉन मोल यांच्याकडे अध्यापनास सुरुवात केली. १८५५ मध्ये ते फ्रायबुर्गला गेले, पुढे हाले येथे प्राध्यापक झाले आणि १८७२ मध्ये स्ट्रासबुर्गला आले. फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर हा प्रदेश जर्मनीकडे गेला होता आणि तिथे विद्यापीठ नव्याने उभारले जात होते. त्याचे पहिले निवडून आलेले कुलगुरू डी बारीच होते. नेमणुकांचा तपशील इतका पुरे, कारण खरी गोष्ट प्रयोगशाळेत घडली.

ती समजण्यासाठी त्या काळचे मत आधी लक्षात घ्यावे लागते. आजारी पानावर बुरशी दिसते हे सर्वांना ठाऊक होते, परंतु ती रोगाचे कारण नसून परिणाम आहे, असे अनेक नामवंत मानत. ऑस्ट्रियाचे फ्रान्झ उंगर यांनी १८३३ साली लिहिले होते की पानांवरचा तांबेरा म्हणजे वनस्पतीच्या बिघडलेल्या रसातून उमटलेले पुरळ होय. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक करप्याने सडू लागले, दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. तरीही वाद मिटला नाही. जॉन लिंडली यांच्यासारखा वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणत होता की अतिपावसामुळे बटाट्याने पाणी जास्त शोषले व तो कुजला. माइल्स बर्कली हे पाद्री मात्र दोष बुरशीचा आहे असे सांगत होते, पण त्यांच्या हाती निर्णायक प्रयोग नव्हता.

तो प्रयोग डी बारी यांनी केला आणि १८६१ मध्ये छोट्या पुस्तिकेच्या रूपाने छापला. प्रयोग दिसायला अगदी साधा होता. करप्याच्या डागाभोवती, पानाच्या खालच्या बाजूला, दमट हवेत जी पांढुरकी लव येते, तिच्यावर लिंबाच्या आकाराच्या बारीक पिशव्या असतात. अशी पिशवी पाण्याच्या थेंबात ठेवली की तिच्या आतला गाभा विभागतो, टोकाचे छिद्र उघडते आणि त्यातून दोन शेपट्यांचे चलबीजाणू बाहेर पडून पोहू लागतात. थोड्या वेळाने ते थांबतात, गोल होतात, त्यांना बारीक नळी फुटते आणि ती नळी निरोगी पानाची त्वचा भेदून आत जाते. ज्या पानांवर बीजाणू ठेवले त्यांच्यावर करपा आला आणि ज्यांच्यावर ठेवले नाहीत ती हिरवी राहिली. सडक्या कंदातून तीच बुरशी नव्या कोंबात चढते, हेही त्यांनी दाखवले. थंड, ढगाळ, ओल्या हवेत रोग झपाट्याने का पसरतो, याचाही उलगडा यातून झाला, कारण पोहायला पाणी हवे. पुण्याच्या उत्तर भागातील बटाटा-टोमॅटोवाले शेतकरी ढगाळ हवामान टिकले की फवारणीची घाई करतात, त्यामागे हेच कारण आहे. टोमॅटोवर उशिरा येणारा करपा हा याच जीवामुळे होतो.

या जीवाला फायटोफ्थोरा हे प्रजातिनाम डी बारी यांनीच १८७६ मध्ये दिले. (आजच्या वर्गीकरणात तो खरी बुरशी मानला जात नाही, त्याचे नाते तपकिरी शैवालांशी आहे. परीक्षेत हे लिहायला विसरू नका.)

त्यांच्या स्वभावाचा मला सर्वांत भावणारा प्रसंग याच काळातला आहे. बटाट्याचा करपा हिवाळा कसा काढतो, हा प्रश्न होता आणि लैंगिक प्रजननातून तयार होणारे जाड कवचाचे बीजाणू सापडतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. १८७५ मध्ये वर्दिंग्टन स्मिथ या इंग्रज अभ्यासकाने ते सापडल्याचे जाहीर केले आणि त्याबद्दल त्यांना सुवर्णपदकही मिळाले. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीसाठी याच रोगाचा अभ्यास करणाऱ्या डी बारींना मात्र कसून शोधूनही असे बीजाणू मिळाले नाहीत आणि स्मिथ यांनी पाहिलेले बीजाणू दुसऱ्याच जीवांचे आहेत, असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. ते बरोबर होते. या जीवाच्या दोन भिन्न जोडप्रकारांचा (नर-मादीसारख्या परस्परपूरक प्रकारांचा) संयोग झाल्याशिवाय असे बीजाणू तयार होत नाहीत आणि त्या काळी युरोपात एकच प्रकार होता. दोन्ही प्रकार एकत्र आढळले ते मेक्सिकोत, १९५० च्या दशकात. सगळे जण ‘सापडले’ म्हणत असताना ‘मला दिसले नाहीत’ असे लिहायला धैर्य लागते.

दुसरे मोठे काम गव्हाच्या तांबेऱ्याचे. बार्बेरी हे आपल्या दारुहळदीच्या प्रजातीतले काटेरी झुडूप बांधावर असले की गव्हाला तांबेरा जास्त येतो, असे युरोप-अमेरिकेतील शेतकरी फार पूर्वीपासून सांगत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने तर १७५५ मध्ये ही झुडपे उपटण्याचा कायदाच केला होता. विद्वान मंडळी याची टर उडवत, कारण बार्बेरीवरची नारिंगी बुरशी आणि गव्हावरचा तांबेरा दिसायला पूर्णपणे वेगळे. डी बारी यांनी १८६५ च्या सुमारास गव्हाच्या काडावरील काळ्या बीजाणूंपासून निघालेले सूक्ष्म बीजाणू बार्बेरीच्या पानावर पेरले, तेव्हा तिथे बुरशीचे पेल्याच्या आकाराचे नारिंगी भाग उगवले. मग त्या पेल्यांतले बीजाणू धान्याच्या रोपांवर पेरले, तेव्हा तांबेरा आला. एकच बुरशी दोन परस्परांशी नाते नसलेल्या झाडांवर आपले आयुष्य वाटून जगते, हे त्यामुळे सिद्ध झाले आणि शेतकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. अमेरिकेने १९१८ मध्ये बार्बेरी निर्मूलनाची जी प्रचंड मोहीम उघडली, तिचा पाया हा प्रयोग होता.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण आपले विद्यार्थी युरोपातले चक्र पाठ करतात आणि तेच भारतालाही लावतात. आग्र्याचे करमचंद मेहता यांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणातून दाखवले की भारतात तांबेऱ्याच्या प्रसारात बार्बेरीची भूमिका नगण्य आहे. उन्हाळ्यात मैदानातला तांबेरा उष्णतेने मरतो, पण निलगिरी, पळणी आणि हिमालयाच्या थंड उंचीवर तो गव्हावरच तग धरतो आणि तिथून वाऱ्याबरोबर पुन्हा खाली येतो. महाराष्ट्रातल्या गव्हावर खोडाचा तांबेरा येतो तो दक्षिणेच्या डोंगरांकडून. मेहतांनी डी बारींचे निष्कर्ष आहेत तसे उचलले नाहीत, त्यांची पद्धत उचलली. माझ्या दृष्टीने हेच योग्य.

‘जनक’ या बिरुदाबद्दल मात्र थोडी सावधगिरी बाळगावी. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले बेनेदिक्त प्रेव्हो यांनी १८०७ मध्येच गव्हाची काणी बुरशीमुळे होते हे प्रयोगाने दाखवले होते, फक्त त्यांचे कोणी ऐकले नाही. पिकांच्या रोगांवरचे युलियस क्यून यांचे व्यवहारोपयोगी पुस्तक १८५८ चे, म्हणजे डी बारींच्या पुस्तिकेच्या आधीचे आहे. डी बारी पहिले नव्हते, पण त्यांच्यानंतर जुन्या मताला कोणी गांभीर्याने घेतले नाही. १८६६ मध्ये बुरशी, दगडफूल आणि श्लेष्मकवके (बुळबुळीत, बुरशीसारखे दिसणारे जीव) यांच्यावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ पुढच्या पिढीसाठी कवकशास्त्राचा मूळ आधार ठरला.

गोडा मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो, ते एक बुरशी आणि एक शैवाल यांच्या एकत्र राहण्यातून बनलेले असते. हा सिद्धान्त स्विस शास्त्रज्ञ सिमोन श्वेन्डेनर यांनी मांडला, परंतु अशा नात्यांचा व्यापक विचार डी बारी यांनी १८७८ मध्ये कासेल येथील भाषणात केला आणि ‘सहजीवन’ ही संकल्पना रूढ झाली. त्यांनी तिच्यात परजीवी संबंधही धरले होते. केवळ परस्पर लाभाची अट नंतरच्या लेखकांनी घातली.

शिक्षक म्हणून त्यांचा पसारा फार मोठा होता. रशियाचे वोरोनिन, अमेरिकेचे विल्यम फार्लो असे दूरदूरचे अभ्यासक त्यांच्याकडे येऊन शिकले. फ्रान्सचे मिलार्दे हेही त्यांचे विद्यार्थी. मिलार्दे यांनी १८८५ मध्ये मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण द्राक्षावरील केवडा या रोगावर उपाय म्हणून जाहीर केले, तेच मिश्रण नाशिक-सांगलीकडच्या बागांत आजही फवारले जाते. केवड्याच्या त्या बुरशीवर डी बारींनी १८६३ मध्येच काम केले होते, त्यामुळे गुरूने ओळख पटवलेल्या शत्रूवर शिष्याने औषध शोधले, असे म्हणायला हरकत नाही.

१८८७ च्या उन्हाळ्यात ते मँचेस्टरला ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या अधिवेशनास गेले होते. त्यानंतर जबड्यातील गाठीचा आजार बळावला आणि १९ जानेवारी १८८८ रोजी, वयाला सत्तावन्न वर्षे पूर्ण होण्यास आठवडा असताना, स्ट्रासबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या प्रयोगशाळेत सर्गेई विनोग्राड्स्की हा तरुण रशियन गंधक-जीवाणूंवर काम करत होता. गुरू गेल्यावर तो झुरिचला गेला आणि मातीत नायट्रेट तयार करणाऱ्या जीवाणूंच्या अभ्यासाला लागला.