पोलिसांच्या गोळीनं मृत्यू : सोलापुरात राहून स्वतंत्र तपासाचं काम कसं करतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात चार वर्षं फौजदारी वकिली झाली, आता पोलिसांच्या गोळीबारात माणूस दगावतो अशा प्रकरणांच्या स्वतंत्र तपासात उतरायचं आहे. परदेशात यासाठी वेगळी खाती असतात, तसं इथं आहे का? नसेल तर सुरुवात कुठून करायची?

नोकरीचं आधी उरकून टाकू. कॅनडातल्या ऑन्टारिओत १९९० पासून असं वेगळं पथक आहे, इंग्लंड-वेल्समध्ये २०१८ पासून आयओपीसी ही पोलिसांच्या वर्तनाचा तपास करणारी स्वतंत्र संस्था आहे. महाराष्ट्रात अशी जागा निघत नाही. पोलीस तक्रार प्राधिकरण कायद्यात आहे, पण ते तक्रारी ऐकतं, रात्री टेप आणि टॉर्च घेऊन घटनास्थळी जात नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला तपास शाखा आहे, पण तिथंही पोलीस खात्यातूनच प्रतिनियुक्तीवर माणसं घेतात. सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०१४ च्या पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) विरुद्ध महाराष्ट्र निकालात ‘स्वतंत्र तपास’ सांगितला तो सीआयडीनं किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकानं करायचा, आणि देखरेख करणारा अधिकारी चकमकीतल्या पथकप्रमुखापेक्षा किमान एक पद वरचा हवा. म्हणजे ठाणं बदलतं, खातं तेच राहतं. तुमच्यासाठी उरते ती या तपासाच्या शेजारची जागा: मृताच्या कुटुंबाच्या वतीनं पुरावा टिकवायचा आणि तो दंडाधिकारी, सीआयडी, आयोग, उच्च न्यायालय यांच्यासमोर अशा रीतीनं मांडायचा की त्यांना डोळेझाक करता येऊ नये. त्या निकालातले सोळाही मुद्दे पाठ करा. पुढचं निम्मं काम म्हणजे त्यातलं काय झालं आणि काय झालं नाही याचा हिशेब.

त्याआधी एक निर्णय घ्या. वकील म्हणून उभं राहणार की शोधक म्हणून? ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होण्याची शक्यता आहे ते वकीलपत्र घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. तुम्ही स्वतः फोटो काढले, फूटेजची प्रत घेतली, जबाब टिपले, की सरकारी वकील तुम्हालाच पिंजऱ्यात बोलावू शकतो. दोन्ही टोप्या घालायच्या नाहीत. वकील राहायचं असेल तर हाताने करायचं काम दुसऱ्याकडे द्या, आणि तो पुढे साक्ष द्यायला तयार आहे ना, हे आधीच विचारून ठेवा.

प्रकरण हातात आलं की पहिला प्रश्न: माणूस पोलिसांच्या ताब्यात होता का? उत्तरावर सगळा रस्ता बदलतो. ताब्यात असताना मृत्यू झाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानं करायची आणि आयोगाला २४ तासांत कळवायचं. ताब्याबाहेरच्या चकमकीत चौकशी सहसा प्रांताकडे (महसूल खात्याच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे) जाते आणि आयोगाला ४८ तासांत कळवायचं असतं. ‘मुद्देमाल काढून देतो म्हणाला, म्हणून शेतात नेलं, तिथं त्यानं पळायचा प्रयत्न केला’ अशी हकीकत असेल तर तो ताब्यातच होता. अशा वेळी कागद प्रांताकडे जाऊ देऊ नका. न्यायदंडाधिकाऱ्याकडे त्याच दिवशी अर्ज टाका आणि अटकेची वेळ कुठल्या कागदावर काय आहे ते सोबत जोडा.

मृताची जातही पाहा. पारधी अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळे अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा लागला तर तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. वडार, कैकाडी आपल्याकडे विमुक्त जातींत मोडतात, त्यांना तो कायदा लागत नाही. आणि पारध्यांच्या कित्येक घरांत जातीचा दाखलाच नसतो. तो काढायला लगेच लागा.

आता मुख्य गोष्ट. लोक या कामात शिरले की आधी माणसांना भेटत सुटतात. माझं मत उलटं आहे: आधी गोळ्या मोजा. प्रत्येक सरकारी शस्त्राला क्रमांक असतो, आणि कुणाला कोणतं शस्त्र व किती राउंड दिले याची शस्त्रागारात नोंद असते. दिलेले राउंड वजा परत केलेले, म्हणजे झाडलेले. हा आकडा जागेवर सापडलेल्या पुंगळ्यांशी (काडतुसांच्या रिकाम्या टोपणांशी) जुळतो का? मग गोळ्या गेल्या कुठं: शरीरात अडकलेल्या किती, आरपार गेलेल्या किती, भिंतीत, झाडात, गाडीच्या पत्र्यात किती? एका कागदावर शस्त्रनिहाय तक्ता करा आणि जिथं बेरीज बसत नाही तिथं लाल खूण करा. ९ मिमी १ए पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये १३ राउंड बसतात, इन्सास रायफलीच्या मॅगझिनमध्ये २०. फिर्यादीतला आकडा मॅगझिनपेक्षा मोठा असेल तर मॅगझिन कधी, कुठल्या आडोशाला बदललं हे जबाबात आलं पाहिजे.

शस्त्राच्या स्वभावाकडेही लक्ष द्या. पिस्तूल प्रत्येक फैरीनंतर पुंगळी बाहेर फेकतं, बहुतेक वेळा उजव्या हाताला थोडी मागं. रिव्हॉल्व्हर फेकत नाही. रिकाम्या पुंगळ्या चक्रातच राहतात. पंचनाम्यात रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या जमिनीवर विखुरलेल्या दाखवल्या असतील तर चक्र कुणी, कधी, कशाला रिकामं केलं? मृताकडे एकबारी गावठी कट्टा दाखवला असेल आणि त्यानं तीन फैरी झाडल्या असं लिहिलं असेल, तर प्रत्येक फैरीनंतर कट्टा मोडून पुंगळी काढायची, नवं काडतूस घालायचं. पुंगळी फुगून अडकते, कधी काडीनं ढकलावी लागते. एवढ्या वेळात समोरचे पाच जण काय करत होते, हा प्रश्न लेखी विचारा. पुंगळीच्या जागेवरून मात्र कुणी कुठं उभं होतं याचा छातीठोक निष्कर्ष काढू नका. डांबरावर ती उडते, बुटाला लागून घरंगळते, आणि उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानात भेगा इतक्या रुंद असतात की पुंगळी सरळ आत जाते. मेटल डिटेक्टरनं जमीन तपासण्याची मागणी अर्जात हवीच. तुम्हाला एखादी पुंगळी दिसली तर उचलू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, दोन पक्क्या खुणांपासून (महावितरणच्या खांबाचा क्रमांक, मैलाचा दगड) अंतर मोजा, आणि दंडाधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी कळवा. उचललीत तर पुरावा नष्ट केल्याचा आळ तुमच्यावर येईल आणि त्या पुंगळीची किंमतही शून्य होईल.

ठशांचं असंच. बदलापूर प्रकरणात, जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयासमोर आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात, पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नसल्याचा मुद्दा होता, आणि तेव्हापासून जो तो ठशांवरच भर देतो. पण खडबडीत मुठीवर ठसा नीट उमटतच नाही. ठसे नाहीत एवढ्यावर प्रकरण उभं करू नका. मॅगझिनची गुळगुळीत बाजू, आतली काडतुसं तपासली का, हे विचारा.

शरीराबद्दल घाई आणि दक्षता दोन्ही लागतात. मृताचे हात हलवण्याआधी कागदी पिशव्यांत बांधायला हवेत. प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि बारुदाचे कण धुतले जातात. हातावर कण सापडले म्हणजे त्यानंच गोळी झाडली असं नाही. जवळ झाडलेल्या गोळीचे, किंवा उचलणाऱ्या पोलिसाच्या हाताचेही ते असू शकतात. कपडे हा सगळ्यांत दुर्लक्षित पुरावा. सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जीव वाचवायच्या गडबडीत शर्ट कात्रीनं फाडतात आणि तो कचऱ्यात जातो. नेमकी गोळीच्या भोकाभोवतीची काजळी त्याच शर्टावर असते, खालची कातडी स्वच्छ दिसते आणि अहवालात ‘लांबून गोळी’ असं येतं. पिस्तुलाची काजळी साधारण फूटभरापर्यंत पोचते, न जळलेल्या बारुदाचे टिपके दोन-तीन फुटांपर्यंत. नेमकं अंतर त्याच शस्त्रानं, त्याच बनावटीच्या काडतुसानं चाचणी घेऊनच सांगता येतं, म्हणून ती चाचणी मागा. कपडे सावलीत वाळवून, एकेक वेगळा, कागदात, सीलबंद.

शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी, चित्रीकरणासह, हे २०१४ च्या निकालातच आहे. त्याआधी सगळ्या शरीराचा एक्स-रे व्हायला हवा, नाहीतर मांडीत उतरलेली गोळी राहून जाते आणि तुमचा तक्ता जुळत नाही. गोळी दातेरी लोखंडी चिमट्यानं काढली तर तिच्यावरचे नळीतल्या आट्यांचे ओरखडे, ज्यांवरून शस्त्र ओळखतात, बिघडतात. बोटानं किंवा रबर लावलेल्या चिमट्यानं काढावी, असं पत्र विच्छेदनाआधीच अधिष्ठात्यांच्या कार्यालयात देऊन आवक शिक्का घ्या. रात्रीच उरकण्याचा आग्रह झाला तर नोव्हेंबर २०२१ च्या केंद्रीय सूचना दाखवा: सूर्यास्तानंतर विच्छेदनाला मुभा आहे, पण खून आणि संशयास्पद मृत्यू त्यातून वगळले आहेत, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तेवढा अपवाद सोडून. कुटुंबाला हेही सांगावं लागतं, आणि सांगणं जड जातं: दुसऱ्या विच्छेदनाची थोडीही शक्यता असेल तर दहन करू नका. लिंगायतांत आणि इतर काही समाजांत दफनच असतं, तिथं प्रश्न येत नाही. बाकीच्यांसाठी न्यायालयाचा आदेश येईपर्यंत देह शीतगृहात ठेवण्याचा अर्ज करा.

घड्याळं ही दुसरी मोठी शिस्त. एकाच घटनेची वेळ किमान आठ ठिकाणी पडलेली असते: स्टेशन डायरी, नियंत्रण कक्षाची वायरलेस नोंद, ११२ ची गाडी, १०८ चा कॉल, कॅज्युअल्टीतली एमएलसी (पोलिसांना कळवायच्या रुग्णाची) नोंद, फिर्याद, मोबाइलचे सीडीआर (कॉलच्या नोंदी), कॅमेरे. गाडी पुण्याकडून आली असं म्हणत असतील तर वरवडे आणि सावळेश्वर टोलनाक्यांवर तिची वेळ असायला हवी. दुकानांतले, पेट्रोल पंपांवरचे डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी यंत्रं) साधारण पंधरा दिवस ते महिन्यात जुनं पुसून नवं लिहितात. म्हणून पहिल्या दोन दिवसांत ‘हे फूटेज जपून ठेवा’ अशी पत्रं मालकाला आणि तपास अधिकाऱ्याला गेली पाहिजेत. प्रत घेताना डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइलमधली वेळ एकाच फोटोत घ्या. दहा-बारा मिनिटांचा फरक असणं अजिबात नवल नाही, आणि तो न टिपल्यामुळे चांगलं फूटेज उलटतपासणीत बाद होतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक अंक) तिथंच भरून घ्या. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण किमान एक वर्ष ठेवायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं आहे. ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर आलं तर तो कधीपासून बंद होता आणि दुरुस्तीचा पत्रव्यवहार कुठं आहे ते मागा. सीडीआर तुम्हाला मिळणार नाहीत, ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालयामार्फतच मागवायचे. माहिती अधिकारात बहुधा तपास चालू असल्याचं कारण देऊन नकार येतो. तरी अर्ज टाकाच, नकाराच्या कागदालाही तारीख असते.

साक्षीदारांकडे इतक्या उशिरा येतोय ते मुद्दाम. सोलापूर शहराच्या पूर्व भागातला साक्षीदार तेलुगूत विचार करतो, अक्कलकोटकडचा कन्नडमध्ये. त्याचं वाक्य त्याच्याच भाषेत लिहून घ्या, खाली मराठी, आणि दुभाष्याची सही. एकेकाला वेगळं भेटा, मोबाइलवरची क्लिप आधी दाखवू नका, ‘गोळ्या किती ऐकल्या’ असं न विचारता ‘काय ऐकलं’ एवढंच विचारा. त्याच्या घराशेजारी यंत्रमाग असतील तर त्या वेळी ते चालू होते की वीज गेली होती? मागांच्या खडखडाटात फैरी मोजता येत नाहीत, आणि महावितरणकडे वीज गेल्याची नोंद असते. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत किंवा लग्नसराईत फटाक्यांचा प्रश्न आधी सोडवा. ‘अंधारात ओळखला’ असं कुणी म्हणालं, मग तो पोलीस असो वा शेजारी, तर दाते पंचांग उघडून त्या रात्रीची तिथी आणि चंद्रोदय बघा. पंचांग आपल्याच गावचं आहे, चाळणीला ते पुरतं.

पोलिसांचे जबाब हातात आले की शुद्धलेखन वाचा. पाच जणांच्या जबाबात ‘स्वसंरक्षणार्थ’ एकाच चुकीनं लिहिलेलं असेल, त्याच जागी स्वल्पविराम असेल, तर ते जबाब एकाच फाइलीतून निघाले आहेत. पंचांची नावंही इतर गुन्ह्यांच्या कागदांत शोधा. तेच दोघं पुन्हा पुन्हा दिसले तर तसा तक्ता जोडा. पण दोन खऱ्या जबाबांत थोडा फरक असणारच. फरक दिसला की ‘खोटं’ म्हणत सुटणारा शोधक दुसऱ्याच सुनावणीत तोंडावर पडतो.

आणि तुमचा तक्ता पोलिसांच्या बाजूनं जुळला तर तसंच लिहा. कुटुंबाला हे पहिल्या भेटीतच सांगून ठेवा, नाहीतर काम घेऊ नका.

निकालाच्या आशेबद्दल वास्तव असं. हैदराबादजवळ ६ डिसेंबर २०१९ ला चार आरोपी मारले गेले, न्या. सिरपूरकर आयोगानं २०२२ मध्ये गोळीबार जाणूनबुजून केल्याचा निष्कर्ष काढून दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवण्याची शिफारस केली, पण शिफारस म्हणजे शिक्षा नव्हे. मुंबईच्या लखनभैया बनावट चकमक प्रकरणात घटना २००६ ची आणि उच्च न्यायालयाचा निकाल मार्च २०२४ चा. तेव्हा कागद अठरा वर्षं टिकतील असे ठेवा: मूळ प्रत एका जागी, स्कॅन दुसऱ्या घरी.

आपल्याकडे प्रकरण बहुतेक वेळा एका शांत वळणावर संपतं. मृतावरच खुनाच्या प्रयत्नाचा आणि आर्म्स अ‍ॅक्टचा गुन्हा असतो, आरोपी मयत म्हणून त्यात अ‍ॅबेटेड समरी (प्रकरण बंद करण्याचा अहवाल) जाते, ती मंजूर होते आणि गोळी झाडणाऱ्याबद्दल कुठंच प्रश्न उरत नाही. म्हणून त्या न्यायालयात दर तारखेला हजर राहा आणि समरीवर हरकत घेण्याचा अर्ज आधीच दाखल करून ठेवा. २०१४ च्या निकालातली पद्धत पाळली गेली नाही तर सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करण्याची वाट त्याच निकालात दिलेली आहे. ती फारसं कुणी वापरत नाही, तुम्ही वापरा. रिट करायची वेळ आली तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, मुंबईची रात्रीची गाडी पकडायची गरज नाही.