गावकीच्या बैठकीला लष्कराचा वकील येईल का?

प्रश्न : सर, माझा धाकटा भाऊ सैन्यात नाईक आहे. गेल्या वर्षी त्याने जातीबाहेर लग्न केलं आणि रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावकीने, म्हणजे गावच्या पंचमंडळींनी, घर वाळीत टाकलं. आईची वर्गणी परत केली, शिमग्यात पालखी दारात आली नाही, वडिलांच्या वर्षश्राद्धाला कुणी फिरकलं नाही. आता निरोप आलाय, भाऊ सुट्टीवर आला की त्याने बैठकीत उभं राहायचं आणि 50 हजार दंड भरायचा. युनिटकडून त्याची बाजू मांडायला लष्कराचा वकील मिळेल का?

उत्तर : ताई, नाही मिळणार, आणि मिळाला असता तरी मी नको म्हटलं असतं. मी 22 वर्षं लष्कराच्या विधी शाखेत, म्हणजे ‘जॅग’मध्ये काढली. आमचं काम कोर्ट मार्शलचं आणि अधिकाऱ्यांना कायद्याचा सल्ला देण्याचं. जवानाच्या घरगुती वादात आम्ही वकीलपत्र घेत नाही. पण खरं कारण वेगळं आहे. वकील उभा केलात की ती बैठक न्यायालय ठरते. तिला तो मान देऊ नका. भावाने तिथे जाऊ नये, दंडाचा एक रुपयाही भरू नये.

बहिष्काराविरुद्ध 1949 चा मुंबईचा कायदा होता, तो सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रद्द ठरवला. मधली कित्येक वर्षं वाळीत पडलेल्यांच्या हातात फारसं काही नव्हतं. 3 जुलै 2017 पासून महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे ‘गावातच मिटवा’ म्हणून पोलिसांना तुम्हाला परत पाठवता येत नाही. बहिष्काराला मदत करणाराही दोषी, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळातून कुणी त्याला जोर देत असेल तर तोसुद्धा.

फिर्याद आईने द्यावी. सोसतेय ती. परत आलेली वर्गणी कुणी, कोणत्या दिवशी आणून दिली, दंडाचा निरोप कुणाच्या तोंडून आला, ते लिहून काढा; निरोप फोनवरचा असेल तर तो जपून ठेवा. वर्षश्राद्धाला कुणाकुणाला आमंत्रण होतं, तेही लिहा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नसते.

भावाने मात्र एक काम आजच करावं. कमांडिंग ऑफिसरांना अर्ज देऊन जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना पत्र पाठवायला सांगावं. मी अशी पत्रं कितीतरी तयार करून दिली आहेत. जवान बर्फात पहाऱ्यावर आणि घरी आई विहिरीवर एकटी, हे वाचताना हात थरथरायचा. बहिष्कारासाठी भरणारी बैठक जिल्हाधिकारी आधीच मनाई करून थांबवू शकतात. पुढे न्यायालयात जावं लागलं तर सेना अधिनियम 1950 चं कलम 32 आहे. रजेचा दाखला दाखवला की शक्यतो त्याच रजेत सुनावणी ठेवावी लागते.

अर्जात रजेच्या तारखा ठळक लिहा. गावकीवाले बैठक त्याच दिवसांत ठेवतील.