‘घराचा’ आणि ‘घराची’ यातला च एकच आहे का?

या महिन्यात उच्चारांबद्दल बरीच पत्रं आलीत, काही मेल, काही व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट्स, आणि व्हॉइस नोट आली की मला खरंच आनंद होतो कारण उच्चाराचा प्रश्न कागदावर अर्धाच पोचतो. वाचताना एक करा, उदाहरणं मोठ्याने म्हणा. घरात कोणी बघितलं तरी चालेल.

प्रश्न : मी मूळची लखनौची, लग्नानंतर पुण्यात आले, तीन वर्षं झाली. मराठी समजते, बोलतेही, पण ‘चूल’, ‘चोर’, ‘माझा’ म्हटलं की सासूबाई हसतात आणि म्हणतात तुझा च हिंदी आहे. मग मी सगळीकडे त्यांच्यासारखा च लावला तर ‘चहा’ म्हटल्यावर पुन्हा हसल्या! नक्की नियम काय आहे? लिहिताना तर अक्षर एकच दिसतं.

तुमचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण आम्ही जन्मापासून मराठी बोलणारे लोक हे दोन च रोज शेकडो वेळा बोलतो आणि शंभरातल्या नव्वदांना ते दोन आहेत हे माहीतच नसतं. तुम्हाला बाहेरून आल्यामुळे ऐकू आलं.

मराठीत च, ज आणि झ या तीन अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत. एक तालव्य, म्हणजे तुमच्या हिंदीतला, ‘चहा’ आणि ‘चिमणी’ मधला, जीभेचा पुढचा भाग हिरड्यांच्या मागे टाळूला पसरून टेकतो. दुसरा दंततालव्य, ‘चूल’ आणि ‘चोर’ मधला, तिथे जीभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी जातं आणि त व स एकदम सुटल्यासारखे ऐकू येतात. ‘उत्साह’ हा शब्द हळूहळू म्हणा, मधला ‘त्सा’ जिथे होतो ना तिथेच ‘चाक’ मधला चा होतो, जवळपास तोच. छ ला मात्र हा दुसरा उच्चार नाही, तिथे निश्चिंत राहा.

आता नियम. पहिला नियम पक्का आहे, च-ज-झ च्या पुढे इ, ई, ए किंवा य आला की उच्चार तालव्यच होतो. चिमणी, चेंडू, जीभ, जेवण, झेंडा. म्हणून ‘माझा’ मधला झ दातांपाशी पण ‘माझी’, ‘माझे’, ‘माझ्या’ मधला टाळूपाशी. ‘घराचा’ एक, ‘घराची’ दुसरा. आणि गंमत बघा, पुस्तकातलं ‘घराचे’ तालव्य आहे पण तेच आपण बोलताना ‘घराचं’ म्हणतो तेव्हा च परत दातांपाशी येतो! ‘मोजा’ एक असतो तेव्हा एक ज आणि ‘मोजे’ दोन झाले की दुसरा ज. हे का होतं तर इ, ए, य म्हणताना जीभ आधीच टाळूकडे उचललेली असते, ती च ला पण आपल्याबरोबर ओढून नेते. असंच स चं पण होतं, ‘घसा’ पण ‘घशात’, ‘ससा’ पण ‘सशाला’, फक्त तिथे आपण अक्षर बदलून लिहितो म्हणून डोळ्यांना दिसतं, च च्या बाबतीत अक्षर तेच राहतं म्हणून लपून जातं.

दुसरा नियम, संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द बहुतेक तालव्य. चंद्र, चरित्र, जय, जन्म, जल. आणि घरगुती, स्वयंपाकघरातले, शेतातले जुने मराठी शब्द, ज्यात पुढे अ, आ, उ, ओ आहे, ते बहुतेक दंततालव्य. चूल, चुना, चुलता, चोर, जावई, जुना, झाड, झोप.

तिसरा तर खास तुमच्यासाठी आहे. तुमच्याकडे ज्या फारसी शब्दांत खाली टिंब असलेला ज़ म्हणतात, बाज़ार, मज़ा, ज़ोर, ते मराठीत आल्यावर या दातांपाशीच्या ज मध्ये बसले. म्हणजे ‘बाजार’ म्हणताना लखनौची सवय तुमच्या उपयोगाचीच आहे, फक्त त्याला थोडा द चा ठोका द्या.

मग पुढे अ, आ असूनही ‘चहा’ आणि ‘चार’ (संख्या) तालव्य का? ‘चार’ जुन्या मराठीत ‘च्यारि’ असा होता, य गेला पण आपली खूण च वर ठेवून गेला. चहाला तर गावाकडे अजूनही ‘च्या’ च म्हणतात, तो य तिथे रोज ऐकू येतो.

आता तुम्ही म्हणाल एवढ्या बारीक फरकाने अडतं का? अडतं. हे वाक्य सासूबाईंना म्हणायला सांगा : ‘चार गायींना चारा चार.’ पहिला च टाळूपाशी, पुढचे दोन्ही दातांपाशी. ‘चार’ संख्या आणि ‘चार’ म्हणजे खाऊ घाल, लिहायला अगदी सारखे पण तोंडात दोन शब्द. तसंच ‘या जगात नीट जग.’ ‘जरा’ म्हणजे थोडं आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. ज्या दोन ध्वनींची अदलाबदल केली की अर्थ बदलतो त्यांना त्या भाषेचे वेगवेगळे स्वनिम म्हणतात, आणि भाषेचा आवाज शिकणं म्हणजे तिचे स्वनिम शिकणं, अक्षरं नाही. हिंदीत हा फरक अर्थ बदलत नाही म्हणून तुमच्या कानाने तो आजवर टिपून ठेवला नाही, इतकंच. तेलुगू, कोकणी, काश्मिरी बोलणाऱ्यांना मात्र हा दातांपाशीचा च घरचाच वाटतो.

तीन वर्षांत तुम्ही दोन च ओळखले आणि नियम विचारलात, सासूबाईंना हे पान नक्की वाचून दाखवा.

प्रश्न : मी आठवीत आहे. सर्दी झाल्यावर आवाज ‘नाकातून’ येतो असं सगळे म्हणतात. पण नाक तर बंद असतं, मग नाकातून कसा येईल?

एकदम बरोबर पकडलंस! तो नाकातून येत नाही म्हणूनच वेगळा वाटतो. नाक चिमटीत धर आणि म्हण ‘मामा’. काय ऐकू आलं? ‘बाबा’ सारखं काहीतरी. आता ‘नाना’ म्हण, ‘दादा’ होईल. म आणि ब दोन्हीला ओठ तसेच मिटतात, फरक एवढाच की म म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग, म्हणजे पडजीभ जिथे लोंबते तो, खाली येतो आणि हवा नाकात जायला वाट देतो. नाक चोंदलं की वाट बंद, उरतो ब. म्हणून वर्णमालेत प फ ब भ म एका ओळीत बसवलेत, पाचही ओठांचे. अजून एक कर, गळ्यावर बोट ठेवून लांब ‘सऽऽऽ’ म्हण आणि मग ‘मऽऽऽ’ म्हण, म ला थरथर लागेल, स ला लागणार नाही. ती थरथर असली की घोष, नसली की अघोष. क ख अघोष, ग घ घोष. हे सगळं शोधायला, वर्णमाला रचली त्या काळी, कुठलं मशीन नव्हतं, लोकांनी स्वतःच्या तोंडात लक्ष देऊन शोधलं.

प्रश्न : मी आयटीत आहे, रोज अमेरिकन क्लायंटबरोबर कॉल असतात. मी ‘पॅक’ म्हणतो तर त्यांना ‘बॅक’ ऐकू येतं असं दोनदा झालं. माझा प तर स्पष्ट आहे. कनेक्शनचा प्रॉब्लेम आहे का?

कनेक्शन ठीक आहे. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा प हा खरं तर आपल्या प पेक्षा ओठ मिटून म्हटलेल्या फ ला जवळचा असतो, हवेच्या झोतासकट. ओठांसमोर पातळ कागदाची पट्टी धरा, ‘पळ’ म्हणा, पट्टी जेमतेम हलेल. ‘फळ’ म्हणा, फडफडेल (दात ओठाला लावून फॅनसारखा फ म्हणू नका, हल्ली शहरात बरेच जण फळालाही तोच लावतात, इथे जुना, ओठ मिटायचा फ हवा). इंग्रजी ‘पॅक’ ला पट्टी हलली पाहिजे. पण ‘स्पीड’, ‘स्पून’ मध्ये स नंतर आला की त्यांचाही प आपल्यासारखाच कोरडा होतो, आणि त्यांना स्वतःला हे दोन वेगळे आहेत हे कळतही नाही कारण इंग्रजीत त्याने अर्थ बदलत नाही, ती एकाच स्वनिमाची दोन रूपं, म्हणजे स्वनांतरं. आपल्याकडे पळ आणि फळ वेगळे. त्यांचा कान शब्दाच्या सुरुवातीला झोत शोधतो, झोत नाही सापडला की तो ब समजतो. ट आणि क चं पण असंच, ‘टाइम’, ‘कॉल’ थोडी हवा सोडून म्हणा. तुमचा प चुकीचा नाही, तो मराठी आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी सहा वर्षांची, मराठी समजते पण ‘बाळ’ ला ‘बाल’, ‘वेळ’ ला ‘वेल’ म्हणते, त आणि ट मध्ये पण गोंधळ. तिला ऐकू तर नीट येतं, तपासून घेतलं. आता उशीर झाला का?

नाही झाला. १९८४ साली जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोन मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक छान कळत होता, जी भाषा त्यांनी घरी कधी ऐकलेली नव्हती तिचासुद्धा! दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांना तो कळेनासा झाला. म्हणजे बाळ सगळ्या जगाचे कान घेऊन येतं आणि वर्षाच्या आत आसपासच्या भाषेला लागेल तेवढंच ठेवतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा किती तरी दिवस प्रत्येक तान्ह्या बाळाकडे वेगळ्या नजरेने बघत होते मी.

पण तो दरवाजा कायमचा बंद होत नाही, सरावाने उघडतो, आणि सहा वर्ष म्हणजे काहीच नाही. फक्त ‘ळ म्हण, ळ म्हण’ असं मागे लागू नका, आधी कानाला शिकवा. काल-काळ, वेल-वेळ, माल-माळ, अशा जोड्यांची चित्रं काढा, तुम्ही एक म्हणा, तिने चित्रावर बोट ठेवायचं. चित्र बरोबर येऊ लागलं की मगच तोंड. जीभेचं टोक वर मागे वळवून टाळूच्या घुमटाला लावायचं, आणि हवा दोन्ही बाजूंनी जाऊ देत ते पुढे झटकून सोडायचं. आरशासमोर बसा दोघी. ट साठी पण टोक तिथेच वळतं, त साठी दातांना, म्हणून ळ जमला की ट बराचसा आपोआप सुधारेल. आजीबरोबर रोज पाच मिनिटं व्हिडिओ कॉल झाला तर सोन्याहून पिवळं, नुसत्या कार्टूनने होणार नाही, समोर बोलणारं माणूस हवं.

प्रश्न : ‘ज्ञान’ म्हणताना ‘द्न्यान’ बरोबर की ‘ग्यान’?

मराठीत द्न्यान, हिंदीत ग्यान. मूळ संस्कृतात ज् आणि ञ, तसा उच्चार आज दोघंही करत नाहीत. ज्या भाषेत बोलताय तिचा करा.

प्रश्न : मी बुलढाणा जिल्ह्यात शिक्षिका आहे. वर्गातली मुलं ‘डोया’, ‘काया’, ‘केयी’ म्हणतात. वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा म्हणाले मुलांची भाषा अशुद्ध आहे, आधी उच्चार सुधारा. मुलं तेव्हापासून पाहुण्यांसमोर तोंडच उघडत नाहीत. काय करू?

बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

‘डोया’ हा आळशीपणा नाही आणि जीभ जड असण्याचा परिणाम तर अजिबात नाही. ती मुलं कधी डोया, कधी डोला, कधी डोरा असं काहीही म्हणत नाहीत, स्वरानंतरच्या ळ च्या जागी य, आणि तो नेमाने. वऱ्हाडात आणि खानदेशात ही पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. जीभेचं टोक वळून टाळूला टेकलं की ळ, न टेकता जीभ नुसती उंचावली की य. इकडे आमच्या कोकणपट्टीत, आगरी-कोळी वस्तीत, त्याच ळ चा ल झाला आणि ण चा न. एका ध्वनीने दोन दिशांना दोन वाटा धरल्या.

आणि शुद्धतेचंच म्हणाल तर ऋग्वेदाचा पहिला मंत्र ‘अग्निमीळे’ ने सुरू होतो, त्यात ळ आहे. नंतरच्या अभिजात संस्कृतात तिथे ड आला, ‘ईडे’, ळ गेला. मग संस्कृत अशुद्ध झालं असं कोणी म्हणत नाही. एका काळी ळ सोडला तर ती भाषेची वाटचाल आणि बुलढाण्याच्या पोराने सोडला तर ती चूक, हे मला मान्य नाही.

मी हे का बोलते ते सांगते. मी किनाऱ्यावरच्या गावातली, घरी आम्ही ‘पानी’ आणि ‘डोला’ च म्हणायचो. शहरातल्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेला उभी राहिले, विषय पाण्याचाच होता, आणि परीक्षकांनी माझं भाषण मध्येच थांबवून ‘पाणी’ दहा वेळा म्हणायला लावलं. मी म्हटलं दहा वेळा. भाषणात पुढे काय बोलायचं होतं ते मात्र आठवेना, खाली उतरले, आणि पुढची दोन वर्षं कुठल्याच स्टेजवर गेले नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, प्रमाण उच्चार शिकवा, जरूर शिकवा, पुढे मुलाखतीत, रेडिओवर, शहरात त्यांना तो लागणार आहे आणि तो नाकारणं हाही अन्यायच. पण ‘डोया’ खोडून ‘डोळा’ नका देऊ, जोडीला द्या. फळ्यावर दोन रकाने करा, एकावर ‘घरी’, एकावर ‘पुस्तकात’. मुलांनाच शब्द आणू द्या, काया-काळा, डोया-डोळा. चार-पाच शब्दांनंतर एखादं पोरगं उठून सांगेल की बाई, जिथे आपण य म्हणतो तिथे पुस्तक ळ म्हणतं. मग लगेच विचारा, सगळीकडे का? ‘पाय’ चं काय, ‘गाय’ चं काय? तिथे पुस्तकातही य च आहे. त्यावर वर्गात भांडण लागेल, लागू द्या, ती मुलं त्या क्षणी व्याकरण करत असतात.

आणि पुढच्या तपासणीला तो फळा पुसू नका.